क्रियापदाची चूक

मराठीच्या मास्तराने यंत्रात नाक खुपसू नये, असे आमच्या सौ.चे ठाम मत आहे. पण आमच्या एअरकंडिशनरने मला व्याकरणाचाच धडा दिला!

नागपूरचा उन्हाळा आणि खोलीत अंथरुणाला खिळलेली आई. २०२२ पासून सलग तीन वर्षे एप्रिल आला, की नळीवर बर्फ साचे आणि यंत्र नुसता वारा घाली. कारागीर दाब पाही, "साहेब, गॅस संपला" म्हणे, गॅस भरी आणि पैसे घेऊन जाई. आईची तगमग बघून मी मुकाट्याने देई.

चौथ्या वर्षी एक वयस्क कारागीर आला. त्याने आधी फिल्टरची जाळी धुतली. ती तुंबली तरी दाब उतरतो म्हणे. दाब तरीही कमीच. तेव्हा म्हणाला, "सर, गॅस काय पेट्रोल आहे संपायला? बंद नळीत तोच तो फिरतो. कमी झाला म्हणजे गळला!"

उरलेला गॅस काढून त्याने नळीत दाबाने नायट्रोजन भरला, जोडांना साबणाचा फेस लावला. एका जोडावर बुडबुडे आले! तो जोड दुरुस्त करून, नळीतली हवा पंपाने ओढून, यंत्राच्या पाटीवरच्या आकड्याइतकाच गॅस त्याने काट्यावर तोलून भरला. त्या रात्री आई शांत झोपली.

'संपला' म्हटले म्हणून तीन वर्षे आम्ही भरतच राहिलो. 'गळला' म्हणताच भोक सापडले.

हे मी सौ.ला ऐटीत समजावले. ती म्हणाली, "अहो, तुमचा पगारही वीस तारखेला 'संपतो' ना?"

तिची नजर माझ्या पुस्तकांच्या कपाटावर होती.