कवचबीज, सर्पगंधा आणि आपले उत्तरदायित्व

कंपवाताचा रुग्ण बहुधा गोळ्यांना कंटाळून आपल्याकडे येतो. लिव्होडोपाने मळमळते, उठताच भोवळ येते. काही वर्षांनी मात्रेचा प्रभाव लवकर ओसरतो आणि अंग अनैच्छिक वळवळू लागते. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांनी काहींना अकस्मात झोप येते, काहींना जुगाराचा वा खरेदीचा अनावर नाद लागतो. ट्रायहेक्सिफेनिडिलने वृद्धांत मलावरोध, मूत्ररोध व संभ्रम उद्भवतो. ‘दुष्परिणाम नसलेले काही द्या’ ही विनवणी ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या वैद्यांना परिचित आहे. आपले उत्तरही ठरलेले असते : कवचबीज.

हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. कवचबीजात लिव्होडोपाच असतो. भारतीय संशोधकांनी तो १९३७ मध्येच पृथक केला होता. लंडनमधील २००४ च्या अभ्यासात ३० ग्रॅम कवचबीज-कल्पाचा गुण गोळीपेक्षा लवकर आला व अधिक काळ टिकला. मात्र रुग्ण केवळ आठ होते. गोळीतील कार्बिडोपा लिव्होडोपाचे मेंदूबाहेरील विघटन रोखतो; बीजात तो नसतो. शिवाय वाण, प्रदेश व शोधनविधी यांनुसार लिव्होडोपाचे प्रमाण बदलते. म्हणजे चालू गोळीवर चूर्ण देणे ही मात्रावाढच होय, मग ते वाजीकरणासाठी का दिलेले असेना. गोळी एकाएकी बंद केल्यास तीव्र ज्वर, अंगाचा ताठरपणा व प्राणसंकटही ओढवू शकते.

त्याच फडताळात सर्पगंधाही असते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिचा उपयोग जगापुढे मांडला. परंतु तिच्यातील रिसर्पिन मेंदूतील डोपामिनचा साठा रिता करते. १९५७ मध्ये आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निश्चेष्ट झालेल्या प्राण्यांना लिव्होडोपा देऊन पुन्हा हालते केले. आधुनिक चिकित्सेचा पाया तेथेच घातला गेला. म्हणून निद्रेसाठी सर्पगंधा मागणाऱ्या वृद्धाचा हात थरथरत असेल, तर ती देणे म्हणजे व्याधीला खतपाणी घालणे होय.

आपले स्थान पर्यायाचे नसून पूरकाचे आहे. मलावरोधाचे निवारण, अभ्यंग, निद्रा, आहार आणि नियमित व्यायाम ही क्षेत्रे आपलीच आहेत. लोहयुक्त कल्प लिव्होडोपाचे शोषण घटवतात. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. कवचबीज द्यायचेच असेल, तर ते रुग्णाच्या मज्जाविकारतज्ज्ञास लेखी कळवून द्यावे.

औषधी विक्रेत्या बंधूंना एकच विनंती : या दोन औषधींची मागणी आल्यास, ‘कंपाची गोळी चालू आहे का?’ एवढे अवश्य विचारावे. या एका प्रश्नात संकोच वाटण्यासारखे काही नाही. आपले औषध गुणकारी आहे असे आपण अभिमानाने सांगतो. मग ते अपायही करू शकते, हे मान्य करणे ओघानेच आले.