बार्बोसाचा गुन्हा काय होता?

१६ जुलै १९५०, माराकाना. जगज्जेतेपदाला ब्राझीलला नुसती बरोबरी पुरत होती. १-१ असताना ७९व्या मिनिटाला उरुग्वेच्या घिगियानं गोल मारला आणि देशाला गुन्हेगार सापडला, गोलकीपर मोआसीर बार्बोसा.

आता मला सांगा, ज्या फॉरवर्ड लायनीनं घरच्या मैदानात एकच गोल केला, तिला कुणी जाब विचारला का? घिगियानं आधीचा गोल पास देऊन करवला होता. या वेळीही पासच येणार म्हणून बार्बोसा पुढे सरकला. कुठलाही शहाणा कीपर हेच करेल ना?

पण खापर फुटलं ते तिघा काळ्यांवर: बार्बोसा, बिगोदे, जुवेनाल. म्हणे काळा माणूस गोलात नको, त्याला दडपण झेपत नाही! १९४९ची कोपा अमेरिका यानंच जिंकून दिली होती, ते सोयीनं विसरले. वर्ल्ड कपला ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा कीपर पुन्हा काळा दिसायला २००६ उजाडलं, दिदाच्या रूपानं.

१९९३ला म्हातारा बार्बोसा राष्ट्रीय संघाला भेटायला गेला, तर अपशकुनी म्हणून परत पाठवला. मधल्या काळात तीन वर्ल्ड कप जिंकून झाले होते, तरीही.