सॉफ्टवेअरलाही हवी शीतसाखळी

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरच्या बाळाला मिळणारी बहुतेक लस कारखान्यापासून गावापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात जपावी लागते. वाटेतला एक फ्रिज बंद पडला तरी चांगली लस वाया जाते. रुग्णालयातल्या संगणकांचेही तसेच आहे.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टचे काम विस्कळीत केले. विंडोजमधील संबंधित त्रुटीवरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण असंख्य संगणकांपर्यंत ती पोहोचलीच नव्हती.

लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त्या पोहोचवण्याचे बरेचसे काम ‘मिरर’ करतात. मिरर म्हणजे मूळ भांडाराची हुबेहूब प्रत ठेवणारा सर्व्हर. आपल्याकडे आयआयटी कानपूरसारख्या संस्था अशा प्रती ठेवतात, तर अनेक ठिकाणी स्वयंसेवक पदरमोड करून हे काम करतात. छत्तीसगडमधील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयात प्रथम वापरात आलेली ‘बाह्मनी’ ही रुग्णनोंद प्रणालीही मुक्तच आहे आणि लिनक्सवर चालते. म्हणजे या साखळीचा रुग्णाशी थेट संबंध येतो.

अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर विश्वास कसा ठेवायचा? डेबियन, उबुंटू यांच्या याद्यांवर डिजिटल सही असते. फाइलमध्ये कोणी फेरफार केला तर संगणक ती नाकारतो. खरी काळजी शिळ्या प्रतीची आहे. सही खरी असते, पण माल जुना असतो. ज्याने मिरर उभारला तो नोकरी बदलतो, डिस्क भरते, अद्ययावत करणारी आज्ञा बंद पडते आणि कुणाला कळतही नाही. वापरणाऱ्याला मात्र अनेकदा ‘सर्व अद्ययावत आहे’ असेच दिसत राहते.

हे काम आता मोठ्या कंपन्यांची वितरण जाळी करतात, मग मिरर कशाला, असे कुणी विचारेल. डेबियनला अशी सेवा मिळते, पण ती प्रायोजकांच्या मदतीवर चालते. मदत थांबली तर पर्याय जवळ हवा.

शेगाव, अमरावती, नागपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांना हे काम जमण्यासारखे आहे. काही टेराबाइट जागा, चांगली इंटरनेट जोडणी आणि अखंड वीज लागेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे काम एखाद्या हौशी विद्यार्थ्यावर न सोडता वेतनावरच्या कर्मचाऱ्याच्या कामाच्या यादीत लिहावे. सोबत एक बदली माणूस नेमावा, शेवटचे अद्ययावतीकरण कधी झाले याची रोज तपासणी व्हावी. आणि जमेनासे झाले तर मूळ प्रकल्पाला कळवून यादीतून नाव काढून घ्यावे.

लसीच्या फ्रिजचे तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहिले जाते. मिररसाठीही अशी एक वही सुरू करायला हरकत नाही.