गाळणीचं भोक केवढं?

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. पण तो पाण्याचा आहे, आणि बीड जिल्ह्यातल्या माणसाला पाण्यावर बोलायला निमित्त लागत नाही.

पाणी वस्त्रगाळ करून प्यावं हे आपल्या आजी-पणजीचं शास्त्र. ते किती खरं होतं हे नारूने दाखवलं. माझ्या वयाच्या लोकांनी नारू पाहिलाय. पायाच्या फोडातून निघणारा पांढरा दोरा काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढायचा. हा रोग पायऱ्यांच्या विहिरीतल्या सायक्लॉप्स नावाच्या किड्यातून पोटात जायचा. किडा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, पण दाट कापडात अडकतो. १९८३-८४ मध्ये देशभर निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. हातपंप आले, घरोघरी गाळणी गेली. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. ना लस, ना औषध. मुख्य काम केलं ते स्वच्छ पाण्याने आणि कापडाच्या भोकांनी.

पण कावीळ, कॉलरा, हगवण यांचे जंतू त्याच कापडातून सहज पार होतात. जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. विषाणू त्याच्याही कितीतरी पट लहान. तिथे कापड चालत नाही, मेम्ब्रेन म्हणजे सूक्ष्म छिद्रांचा पडदा लागतो. आणि खरी मेख इथे आहे. छिद्रं लहान असून भागत नाही, ती सारखी असावी लागतात.

वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून नापास झालेला मुलगा पास होत नाही. तसंच हे. बारीक नळीतून वाहणारं पाणी व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे एक छिद्र बाकीच्यांपेक्षा दहापट मोठं निघालं, तर त्या एकट्यातून दहा हजार छिद्रांएवढं पाणी जाणार, आणि त्यासोबत जंतूही. पडद्याची सरासरी कितीही सुंदर असो.

मग सारखी छिद्रं पाडायची कशी? इतकी बारीक सुई तर नाही. जपानच्या मसुदा आणि फुकुदा या संशोधकांनी १९९५ साली केलेली युक्ती मला फार आवडली. ॲल्युमिनियम, म्हणजे आपलं जर्मन, आम्लात ठेवून वीज सोडली की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. योग्य रीतीने केलं तर त्या थरात मधमाशीच्या पोळ्यासारखी सरळ, एकसारखी छिद्रं आपोआप तयार होतात. त्यांनी त्या छिद्रांत प्लास्टिक भरलं आणि मूळ थर विरघळवून टाकला. उरले छिद्रांच्या जागी उभे खांब. खांबांच्या भोवती सोनं किंवा प्लॅटिनम चढवलं आणि प्लास्टिकही विरघळवलं. हाती आला धातूचा नवा पडदा, हुबेहूब पहिल्याच छिद्रांचा.

आपले ओतारी दुसरं काय करतात? मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचा लेप, मेण वितळवायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. तीच विद्या, फक्त मापं नॅनोमीटरची, म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, सोन्याच्या गाळणीचं आम्हाला काय? बरोबर आहे. असे पडदे महाग. ऑक्साइडच्या चकत्या प्रयोगशाळेसाठी विकत मिळतात, पण त्या ठिसूळ, घागरी भरायच्या कामाच्या नाहीत. पण त्यातला विचार आपल्या कामाचा आहे. काय अडवायचं ते आधी ठरवा, मग भोक ठरवा.

आपल्याकडे उलटं चाललंय. शुद्ध पाणी म्हणजे आरओ, एवढंच लोकांना ठाऊक. आरओ विरघळलेले क्षारसुद्धा अडवतो. बोअरचं पाणी खारं असेल, त्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल, तर तो हवाच. उकळून फ्लोराइड जात नाही. पण धरणाच्या गोड्या पाण्याला आरओ कशाला? घरगुती यंत्र एक घागर देताना बहुधा दोन-तीन घागरी मोरीत सोडतं. त्या पाण्यासाठी अल्ट्राफिल्ट्रेशनचा पडदा पुरतो. तो क्षार राहू देतो, जंतू अडवतो आणि पाणी फार वाया घालवत नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विजेशिवाय चालणारं असं घरगुती यंत्र तयार केलंय. लोडशेडिंग सोसलेल्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, कारण आपल्या केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. अशा मुलखात दोन घागरी ओतून एक पिणं मला पटत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही मे २०१९ मध्ये म्हटलं होतं की पाण्यातले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी घालावी. हे कोर्टाने सांगेपर्यंत आपण का थांबावं?

माझं म्हणणं एवढंच. यंत्र विकणाऱ्याला विचारण्याआधी पाण्याला विचारा. भूजल सर्वेक्षण विभागाच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. जारचं पाणी घेत असाल तर विकणाऱ्याकडे तपासणीचा कागद मागा. थंड आहे म्हणजे शुद्ध आहे असं नव्हे. आणि ग्रामपंचायतीने गावात यंत्र बसवताना त्यातून फेकलेलं पाणी कुठे जाणार, हे ग्रामसभेत आधी विचारा. तरुण मंडळींनी हा प्रश्न नक्की विचारावा, आम्ही म्हातारे मागे उभे राहूच.

असो. लांबलं जरा. तुमच्याकडच्या पाण्यात क्षार किती आहेत आणि घरात कोणती गाळणी आहे, ते जरूर कळवा. पुण्या-मुंबईच्या भाचरांनी तर आधी मोरीत सुटणाऱ्या नळीखाली बादली ठेवून मोजावं, मग लिहावं!