घाटातली गाडी आणि नर्मदेतली नाव

(बी. ए. द्वितीय वर्ष)



मागच्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आपल्या ग्रंथालयात एका रविवारच्या पुरवणीत मी एक जाहिरात पाहिली. अमेरिका खंडाच्या उत्तर टोकाला अलास्का नावाचा बर्फाळ मुलूख आहे. तेथील निर्जन किनाऱ्याने आठवडाभर जहाजातून फिरायचे, समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या पाहायच्या आणि मग मोठमोठ्या काचांच्या रेल्वेत बसून डोंगर चढायचा, अशी ती सहल होती. खाली दर माणशी खर्च छापला होता. तो आकडा मी घरी वडिलांना सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "एवढ्यात तर विहीर खोदून, बांधून, वर मोटरपंपही बसते."

आजी चुलीपाशी होती. तिने विचारले, "काय काय हाये त्या सहलीत?" मी सांगितले. ती हसली. "नावंत बसायचं अन् घाटातल्या गाडीत बसायचं, एवढंच ना? थे तं म्या केलं हाये."

हा लेख आजीच्या त्या एका वाक्यातून सुचला आहे.

माझी आजी शाळेत गेलेली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. परंतु २००३ साली, हरभऱ्याची सोंगणी आटोपल्यावर, गावातल्या काही बायांबरोबर ती ओंकारेश्वरला जाऊन आली होती. आमचे अमडापूर खामगाव-चिखली रस्त्यावर आहे. गावाला रेल्वे नाही. खामगावला १८७० साली कापसासाठी इंग्रजांनी जलंबहून फाटा आणला, तो तेथेच थांबला. पुढे जालन्यापर्यंत रूळ यावेत ही मागणी आमच्या आजोबांच्या पिढीपासून चालू आहे. म्हणून या बाया एस.टी.ने अकोल्याला गेल्या आणि तेथून खंडव्याच्या मीटरगेज गाडीत बसल्या. सोबत भाकरी, ठेचा आणि फुटाणे होते.

अकोट मागे पडले, वान रोड आले आणि सातपुडा सुरू झाला. दोन्ही बाजूंना सागाचे रान. धुळघाटाजवळ चढ इतका की रूळ सरळ नेता येईनात. म्हणून तेथे लोहमार्ग डोंगराला पूर्ण वेढा घालून स्वतःलाच ओलांडून जातो. असे वेढे आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी आहेत. आजीला हे कोणी सांगितले नव्हते. तिने ते खिडकीतून पाहिले. ती अजून सांगते, "ज्या रुळावरून आलो थो रूळ खाली दिसला, तवा म्हनलं गाडी वापस चालली का काय!" पुढे खंडव्यावरून ओंकारेश्वर रोड स्टेशन, तेथून मोटारीने नर्मदाकाठ. बेटावर जायला पूल होता; पण नर्मदामाईची ओटी भरायची तर नावेतूनच, असे बायांनी ठरवले. डोंगरातली रेल्वे आणि पाण्यातली नाव, अशी जोडसहल माझ्या आजीने पॅसेंजरच्या तिकिटात केली. तिला कोणी प्रवासी म्हटले नाही, तिनेही स्वतःला पर्यटक मानले नाही. देवाला गेलो, एवढेच ती म्हणते.

आता कोणी म्हणेल की, तीर्थयात्रा वेगळी आणि सृष्टिसौंदर्याची सहल वेगळी. माझ्या एका वर्गमित्राने तर स्पष्टच सांगितले, "नुसते पाहायला जाणे ही पोट भरलेल्यांची चैन आहे. आपल्याला आधी पाणी आणि नोकरी पाहिजे." हा मुद्दा मला पूर्वी पटत असे, आता पटत नाही. मंदिरातली गर्दी आजी विसरली आहे. घाटातला तो वेढा, बोगद्यातला अंधार आणि नावेखाली हलणारे हिरवे पाणी मात्र ती विसरलेली नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदणखुरपण करणाऱ्या बाईला वीस वर्षे पुरेल असे काहीतरी त्या प्रवासाने दिले. त्याला चैन कसे म्हणावे? डोळ्यांनाही भूक असते, आणि ती गरिबाला कमी लागते असा कोणताही पुरावा नाही.

ग्रंथालयातच मी अलास्काविषयी आणखी वाचले. तेथील स्कॅग्वे बंदरातून निघणारी व्हाइट पास ही छोट्या रुळांची रेल्वे सहलीसाठी बांधलेलीच नव्हती. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांसाठी १८९८ साली तिचे काम सुरू झाले आणि १९०० साली ते पूर्ण झाले. सुमारे वीस मैलांत ती जवळजवळ तीन हजार फूट चढते. पुढे खाणींचा धंदा बसला आणि १९८२ साली गाडी बंद पडली. १९८८ मध्ये ती पुन्हा धावू लागली, ती बंदरात येणाऱ्या जहाजांतील प्रवाशांना डोंगर दाखवण्यासाठी. नॉर्वेत फ्लाम नावाच्या गावी समुद्राच्या अरुंद फाट्यातून बोट येते आणि धक्क्याजवळूनच वीस किलोमीटरची रेल्वे ८६६ मीटर उंचीवर चढत जाते. म्हणजे पाणी आणि डोंगर यांना रुळाने जोडले तर जग पाहायला येते, हे सिद्ध झालेले आहे.

आमच्याकडे काय झाले? २०१७ च्या सुरुवातीला ब्रॉडगेजच्या कामासाठी अकोला-अकोट मीटरगेज बंद झाली आणि अकोल्याहून घाटातून खंडव्याला जाणारी वाट तुटली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. "तू मोठी झाली की नेईन," असे आजी म्हणत असे; मी मोठी झाले, गाडी राहिली नाही. २०२२ साली अकोला ते अकोट नवी ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. त्यापुढे मात्र मेळघाट आहे.

येथे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. आजीची गाडी जशीच्या तशी परत द्या, असे म्हणणे सोपे आहे. परंतु मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात पहिल्यांदा घोषित झालेल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. हळू चालणारी छोटी गाडी वेगळी आणि त्याच रानातून रात्रंदिवस वेगाने धावणाऱ्या ब्रॉडगेजच्या गाड्या वेगळ्या. वन्यजीवांच्या अभ्यासकांनी विरोध केला, आणि २०२१ साली महाराष्ट्राच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी हा मार्ग रानाबाहेरून न्यावा असे केंद्राला कळवले. बाहेरून म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेकडील संग्रामपूर, जळगाव जामोद या भागातून. मला हेच योग्य वाटते. गाडी माझ्या आजीची असली तरी रान तिच्या आधीचे आहे. शिवाय ज्या गावांनी रेल्वे कधी पाहिली नाही त्यांच्या अंगणात ती येईल, आणि सातपुड्याचा डोंगर खिडकीतून तरीही दिसेल.

पाण्याच्या बाजूची गोष्ट याहून अवघड आहे. खंडवा जिल्ह्यात नर्मदेवर इंदिरासागर धरण आहे. साठवण क्षमतेने ते देशातले सर्वांत मोठे जलाशय मानले जाते. त्याच्या काठी हनुवंतिया येथे मध्य प्रदेश सरकारने पर्यटनस्थळ उभारले आणि २०१६ साली पहिला जलमहोत्सव भरवला. तंबू, नौका, तरंगती घरे, रानाने झाकलेली बेटे असे सर्व काही तेथे आले. अलास्काला जाण्याची ऐपत नसलेल्या आपल्यासारख्यांना उत्तरेकडे हे अरण्य आणि हे पाणी जवळ आहे, याचा मला आनंदच वाटला. मग मी त्या पाण्याखाली काय आहे ते वाचले. हरसूद नावाचे एक संपूर्ण शहर २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर रिकामे करण्यात आले. लोकांनी आपल्या हातांनी आपली घरे पाडली, कारण विटा आणि लाकूड तरी नेता यावे. धरणाने अडीचशेच्या आसपास गावे बाधित झाली. इटारसी-खंडवा लोहमार्गाचा काही भागसुद्धा हलवावा लागला. आजी २००३ साली खंडव्यावरून गेली तेव्हा ते शहर नांदते होते. नंतरच्या वर्षी नव्हते.

मग तेथे जाऊच नये का? मला तसे वाटत नाही. धरणाने वीज आणि ओलित दिले आहे, आणि आता न गेल्याने हरसूद वर येणार नाही. परंतु पाहणाऱ्याला आपण कशावर तरंगत आहोत हे माहीत असावे. नाव चालवणारा सूर्यास्त दाखवतो, त्याने "येथे अमुक गाव होते" एवढेही सांगावे. जो काठावर राहत होता आणि ज्याचे वावर गेले, त्याच्याच मुलाच्या हातात त्या नावेचे सुकाणू असावे. रानातून उठवलेल्या कोरकू कुटुंबांच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे. सुंदर जागा दाखवून पैसा मिळत असेल, तर त्या जागेसाठी ज्यांनी सोसले त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या देशात प्रवासाच्या दोन जाती पडत चालल्या आहेत. एक पोचण्यासाठी करायचा प्रवास, तो गरिबाचा. त्यात उभे राहायचे आणि धक्के खायचे. दुसरा पाहण्यासाठी करायचा, तो श्रीमंताचा. त्यात काचेचे डबे. २०१८ च्या डिसेंबरात इंदूरजवळ पातालपाणी ते कालाकुंड या घाटात, आजीच्या गाडीच्याच मीटरगेजच्या पुढच्या भागात, खास पर्यटकांची गाडी सुरू झाली. ती झाली हे चांगलेच झाले. परंतु सहलीची गाडी सुरू होते आणि पॅसेंजर मात्र बंद राहते, असे होऊ नये. जुन्या मीटरगेजच्या एकाच तिकिटात पोचणे आणि पाहणे दोन्ही होते. म्हणून नव्या मार्गावर लहान स्टेशनांवर थांबणारी, दिवसा घाट ओलांडणारी आणि साध्या दराची एक तरी गाडी असली पाहिजे. आणि खंडव्याला उतरल्यावर ओंकारेश्वरला व हनुवंतियाला जाणारी एस.टी.सारखी साधी बस तयार असली पाहिजे. मग अमडापूरच्या शेतमजूर बाईलाही ती जोडसहल करता येईल, जी आज आपण अलास्काच्या जाहिरातीत पाहतो.

शेवटी एक सूचना आपल्या महाविद्यालयाला. दरवर्षी आपली सहल ठरावीक ठिकाणी जाते, बसमध्ये गाणी होतात, फोटो होतात आणि आपण परत येतो. यंदा खंडव्याला जावे. घाटाची वाट तुटली असली तरी शेगावहून भुसावळमार्गे वळसा घालून रेल्वेने जाता येते. भूगोलाच्या सरांना तेथे नर्मदेचे खोरे दाखवता येईल, इतिहासाच्या सरांना वाटेत बऱ्हाणपूर, अर्थशास्त्राच्या मॅडमना धरणाचा जमाखर्च. आम्हा विद्यार्थ्यांना नावेत बसता येईल आणि हरसूदच्या एखाद्या माणसाशी बोलताही येईल.

एक जागा जास्तीची मिळाली तर मी आजीला सोबत आणीन. तिचे तिकीट मी माझ्या शिष्यवृत्तीतून काढीन. नावेत कुठे बसायचे हे आमच्यापैकी तिलाच ठाऊक आहे.