वरवरच्या तुकड्यावर विसंबू नका

पुण्यातील विश्रांतवाडीतून धानोरी, कळस, टिंगरेनगरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने दाटीने आहेत. शौचावाटे रक्त जाते म्हणून तिशी-पस्तिशीचा रुग्ण पहिल्यांदा तिथेच येतो आणि पुष्कळदा मूळव्याधीचे मलम घेऊन परततो. त्या पहिल्या भेटीची आम्हाला काळजी वाटते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली आहे. सरासरी वय ४७. तब्बल १३ टक्के गाठी सिग्नेट रिंग प्रकारच्या. पाश्चात्त्य देशांत हेच प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. टाटात अवघड रुग्ण जास्त जातात हे धरूनही हा फरक मोठा आहे. पाठ्यपुस्तकाने दुर्मीळ म्हणून दोन ओळींत उरकलेला कर्करोग आपल्याकडे तितका दुर्मीळ नाही.

सिग्नेट रिंग पेशींत म्युसिन साठते, केंद्रक कडेला ढकलले जाते. पेशी सुट्या सुट्या, श्लेष्मल आवरणाखालून पसरतात. दुर्बिणीत उठून दिसणारी गाठ नसते, नुसताच ताठर, अरुंद झालेला भाग दिसतो. तिथला वरवरचा तुकडा निर्दोष निघाला तरी रुग्णाला मोकळे करता येत नाही.

जागा चुकलेल्या स्वादुपिंडाची (दुसऱ्याच अवयवात आढळणाऱ्या स्वादुपिंडाच्या ऊतीची) गत उलटी: कर्करोग नसताना तो असल्यासारखा वाटतो. १७२७ पासून त्याच्या नोंदी आहेत. जठर, ड्युओडेनम, जेजुनम या त्याच्या नेहमीच्या जागा. मोठ्या आतड्यात ते फारच क्वचित सापडते. ते बहुधा निरुपद्रवी असते, पण दिसते गाठीसारखे. केवळ नलिकाच असलेल्या प्रकारात त्या स्नायूच्या थरात विखुरलेल्या दिसतात आणि फ्रोझन सेक्शनच्या घाईत कॅन्सरचा शिक्का बसू शकतो. अशा वेळी नलिकांची खंडिकांसारखी (लोब्युलर) मांडणी, शांत केंद्रके आणि भोवती डेस्मोप्लाझिया नसणे, एवढे पाहिले तरी रुग्णाची मोठी शस्त्रक्रिया टळू शकते.

पण पॅथॉलॉजिस्टने हे कशाच्या आधारे ओळखायचे? फॉर्मवर ‘पोटदुखी, बायोप्सी’ एवढेच खरडलेले असते. वय, रक्त किती दिवसांपासून जाते, वजन किती घटले, तुकडा नेमका कुठला, दुर्बिणीत काय दिसले, हे लिहायला दोन मिनिटे पुरतात. तुकडा त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये पाठवा. दुर्बिणीतले चित्र आणि अहवाल जुळत नसतील, तर खोलवरचा तुकडा पुन्हा मागा.

आणि फॅमिली डॉक्टरांना विनंती: रुग्ण कितीही तरुण असो, बोटाने गुदतपासणी केल्याशिवाय केसपेपरवर मूळव्याध लिहू नका, रक्त थांबत नसेल तर कोलोनोस्कोपीला पाठवा.