फी दीड लाख, आणि शिकवणार तेच!

‘स्वस्तातले ऑनलाइन कोर्स करून कोणी डिझायनर होत नाही’ हे रविवारच्या करिअर पुरवणीतले विधान वाचले आणि चीड आली. लेखकमहाशयांच्या मते यूएक्स, म्हणजे ॲप-संकेतस्थळे वापरायला सोपी करण्याचे डिझाइन, शिकायचे तर सहा महिन्यांचा, प्लेसमेंटसह बूटकॅम्पच हवा. फी किती, हे मात्र लेखात कुठेच नाही. ते मी सांगतो. माझ्या भाचीला अशाच एका संस्थेने दीड लाख आणि वर १८ टक्के जीएसटी सांगितला. शिवाय ‘काळजी करू नका, नो-कॉस्ट ईएमआय आहे’ ही पुस्ती.

हा नो-कॉस्ट ईएमआय म्हणजे त्या मुलीच्या नावावर चढलेले कर्ज, हे पालकांना कोणी सांगत नाही. संस्थेला पैसे एकरकमी मिळतात. कोर्स आवडो न आवडो, नोकरी लागो न लागो, हप्ते मुलीने वित्तसंस्थेकडे भरायचे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, ते बहुधा प्रक्रिया शुल्कात दडवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. तेव्हा प्रश्न दुकानातल्या खरेदीचा होता. आता तीच युक्ती शिक्षणात आली आहे.

बरे, या दीड लाखात शिकवतात काय? वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांची डिझाइनची दहा तत्त्वे १९९४ पासूनची, त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. फिग्मा हे डिझाइनचे साधन शिकण्यापुरते फुकट आहे. गूगलचा यूएक्स अभ्यासक्रम २०२१ पासून कोर्सेरावर आहे. महिन्याची वर्गणी भरा, आपापल्या वेगाने करा, लवकर उरकला तर पैसेही कमी. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट, प्रमाणपत्र हवेच असेल तर परीक्षेचे हजार रुपये. मुले असे कोर्स अर्धवट सोडतात, हा नेहमीचा आक्षेप. सोडतात की! पण हजाराचा कोर्स सोडला तर हजार जातात. दीड लाखाचा सोडून हप्ते थकले तर सिबिल स्कोअर जातो.

नोकरीनिमित्त मी नवख्यांचे पोर्टफोलिओ पाहतो. बूटकॅम्पमधून आलेल्यांचे बहुतेक एकाच साच्यातले: तेच जेवण मागवायचे ॲप, तीच अठ्ठावीस वर्षांची काल्पनिक ‘बिझी प्रोफेशनल’, त्याच पिवळ्या चिठ्ठ्यांचे फोटो. याउलट मोबाइलवर फुकटात शिकलेल्या एका मुलाने दूध संकलन केंद्रावरची पावती निवडली होती. पावती हातात आल्यावर आधी काय बघता, असे त्याने शेतकऱ्यांनाच विचारले. सगळे आधी फॅट बघत होते, आणि पावतीवर फॅटचाच आकडा सर्वांत बारीक! पाच जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी कळतात, असे नील्सन यांनी २००० साली लिहून ठेवले आहे. असे पाच जण स्वारगेट बसस्थानकाच्या फलाटावर अर्ध्या तासात भेटतील. त्याला फी नाही, जीएसटीही नाही.

जाता जाता आणखी एक. स्वस्त काय नि महाग काय, मी पाहिलेले सगळे कोर्स इंग्रजी नमुन्यांवर चालतात. त्याची फळे आपण रोज मोबाइलवर बघतो. इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेल्या चौकटीत मराठी कोंबली की वरचा रफार आणि खालचा उकार छाटला जातो. ‘रद्द करा’चे बटण दोन ओळींत मोडते. दीड लाख घेणाऱ्या संस्था याचा एक तरी तास घेतात का?

आणि संपादक महोदय, त्या लेखाच्या खालीच ‘१०० टक्के नोकरीची हमी’ देणारी बूटकॅम्पची जाहिरात होती. कोचिंग क्षेत्राने नोकरीच्या हमीचे खोटे दावे करू नयेत, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढल्या आहेत. आपल्या जाहिरात विभागाने त्या एकदा वाचाव्यात. मागच्या तुकडीतल्या किती जणांना, किती पगारावर नोकरी लागली, हे संस्थेकडून लेखी घ्या आणि जाहिरातीशेजारीच छापा. लेखी मिळाले नाही, तर जाहिरात परत पाठवा.

– एक वाचक, पुणे